एकाच गुडघ्याचे दोन आकडे

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे, कॉलेजच्या टीममधून कबड्डी खेळते. पावसाळ्यात चढाई करताना वळली आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली, पाय सरळ केल्यावर आपोआप जागेवर आली. डिसेंबरात नुसतं पडवीतून खाली उतरताना परत तेच झालं. इथे एक्स-रे काढला त्यात वाटी वर आहे, रेशो १.३५ असं लिहिलंय. मग कोल्हापूरला एमआरआय केला तर त्यात १.१ आणि नॉर्मल. आता सीटी स्कॅन पण करा म्हणतायत. नक्की खरं काय मानायचं? दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवत्येय. – एक आई, देवगड

उत्तर : ताई, फोटो बघितले. मला यात कोणाचंच चुकलेलं दिसत नाहीये. एक्स-रेच्या रिपोर्टात आकड्याआधी इन्सॉल-साल्वाती असं लिहिलंय आणि एमआरआयच्या रिपोर्टात कॅटन-देशाँ, म्हणजे दोघांनी मोजलंय वेगवेगळं आणि तुम्ही ते आकडे शेजारी शेजारी ठेवून बघताय, साहजिक आहे, कोणी समजावून सांगितलं नसेल तर कोणीही तेच करेल.

इन्सॉल-साल्वाती हे १९७१ चं माप. वाटीच्या खालून नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यापर्यंत जो टेंडन, म्हणजे दोरीसारखा मजबूत पट्टा, जातो त्याची लांबी घ्यायची आणि तिला वाटीच्या लांबीने भागायचं, ०.८ ते १.२ आलं की नॉर्मल. कॅटन-देशाँ १९८२ चं, त्यात टेंडन धरतच नाहीत. वाटीचा जो गुळगुळीत भाग सांध्यात घासतो त्याच्या खालच्या कडेपासून नडगीच्या हाडाच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, भागिले त्या गुळगुळीत भागाची लांबी. यात साधारण १.२ च्या वर गेलं की वाटी वर आहे म्हणतात.

आता गंमत कुठे होते बघा, वाटीला खाली एक टोक असतं जे सांध्यात येत नाही, ते कोणाचं आखूड असतं कोणाचं लांब. आखूड असेल तर वाटीची लांबी कमी भरते आणि इन्सॉल-साल्वातीचा आकडा फुगतो, लांब असेल तर उलट, वाटी खरंच वर असून आकडा नॉर्मल येतो. कॅटन-देशाँला त्या टोकाने फरक पडत नाही. शिवाय उद्या ऑपरेशनमध्ये तो नडगीचा उंचवटा खाली सरकवून बसवला तर टेंडनची लांबी तीच राहते, म्हणजे वाटी खाली आली तरी इन्सॉल-साल्वाती जिथल्या तिथे! म्हणून सर्जन लोक बऱ्याचदा कॅटन-देशाँ बघतात आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत मीही त्यालाच जास्त वजन देईन.

अजून एक, एक्स-रे बाजूने काढतात तेव्हा गुडघा साधारण ३० अंश वाकवलेला असतो, टेंडन ताणलेला असतो. एमआरआयला पेशंट झोपलेला, पाय जवळजवळ सरळ, मांडीचा स्नायू सैल. त्यामुळे माप एकच घेतलं तरी दोन मशीनवरचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पुढे कधी परत तुलना करायची झाली तर तीच पद्धत, तेवढाच वाकलेला गुडघा, आणि रिपोर्टात पद्धतीचं नाव लिहाच म्हणून सांगा.

पण ताई, खरी गोष्ट पुढेच आहे. हे दोन्ही आकडे वाटी वर की खाली एवढंच सांगतात, तुमच्या मुलीची वाटी सरकत्येय बाजूला. मांडीच्या हाडाला खाली पन्हळीसारखी खाच असते, गुडघा २०-३० अंश वाकला की वाटी त्या खाचेत बसते, त्याआधी ती बरीचशी आतल्या बाजूच्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, भरवशावर असते. वाटी सरकते तेव्हा ते लिगामेंट बहुतेक वेळा फाटतं किंवा ताणलं जातं, कधी कूर्चेचा तुकडाही निघतो, आणि हे साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. खाच किती खोल आहे तेही एमआरआयमध्ये छान दिसतं. म्हणजे एमआरआयचे पैसे अजिबात वाया गेलेले नाहीत.

सीटीचं म्हणाल तर त्यात मुख्यतः टीटी-टीजी मोजतात, म्हणजे नडगीचा उंचवटा त्या खाचेच्या मानाने किती बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर. सीटीवर २० मिलीमीटरच्या वर गेलं तर जास्त समजतात. हे अंतर एमआरआयवरही मोजता येतं, फक्त तिथे ते बहुधा काही मिलीमीटर कमी भरतं, म्हणून सीटीची २० ची रेघ एमआरआयला जशीच्या तशी लावू नये. तेव्हा आधी विचारा, आहे त्याच एमआरआयवरून टीटी-टीजी काढून देता का, त्यासाठी मुलीला परत न्यायची गरज नाही, सीडी दिली की पुरे. ऑपरेशन ठरत असेल किंवा मांडीच्या हाडाचा पीळ मोजायचा असेल तर मात्र सीटी करून घ्या, तिथे घासाघीस नको. आणि तोवर कबड्डी बंद, फिजिओथेरपी चालू. दोनदा सरकलेली वाटी तिसऱ्यांदा सरकायची भीती असतेच.

प्रश्न : आमच्याकडे सोनोग्राफी स्वस्तात होते, वाटीची जागा त्यात कळणार नाही का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : टेंडनची सूज, फाटणं, गुडघ्यात पाणी, हे सोनोग्राफीत चांगलं कळतं. पण सांध्याच्या आतलं पूर्ण चित्र येत नाही आणि करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं, वाटीच्या उंचीसाठी तिचा आधार घेत नाहीत. पैसे वाचवायचेच असतील तर आधी बाजूने नीट काढलेला एक एक्स-रे आणि वाकवलेल्या गुडघ्याचा वरून एक, एवढे करा. रेडिएशनची काळजी नको, गुडघ्याच्या एक्स-रेत ते अगदीच नगण्य असतं. मात्र तो वरून काढलेला एक्स-रे बऱ्याच ठिकाणी गुडघा ४५ अंश किंवा जास्त वाकवून घेतात आणि तोवर सरकणारी वाटीसुद्धा खाचेत जाऊन बसलेली असते. तेव्हा तो नॉर्मल आला आणि तरी वाटी सरकत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि एमआरआय लागेल का ते विचारा.