मुंबई महापालिकेच्या शाळांपुढची खरी अडचण कोणती?

पैसा नव्हे, देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आहे ही. दप्तर, गणवेशासकट 27 वस्तू फुकट मिळतात (त्या कधीकधी पाऊस निम्मा सरल्यावर हातात पडतात, ही वेगळी रड).

खरी गोम घसरत्या पटसंख्येत आहे. पालिका आठ माध्यमांत शिकवते, पण घरकाम करणारी बाईसुद्धा पोटाला चिमटा काढून पोराला खाजगी इंग्रजी शाळेत घालते. पट घसरला की संचमान्यतेत (म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना) शिक्षक अतिरिक्त ठरतात, दोन वर्ग एकत्र बसवले जातात, आणि ते पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. मराठी माध्यमाला याचा मोठा फटका बसला. उलट पालिकेनेच सीबीएसई शाळा काढल्या, तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढावी लागली! उरलेल्या शिक्षकांना वर मतदारयादीच्या कामाला जुंपतात.