पणजोबांचं नाव घेऊन जर्मनीला निघालेल्या बाळासाठी

तुमचा प्रश्न असा: यजमानांची ड्युसेलडॉर्फची नोकरी पक्की झाली आहे, तुम्हाला सातवा लागलाय, बाळंतपण माहेरी बडोद्यातच करून बाळाने जरा बाळसं धरलं की निघायचं. घरच्यांची इच्छा आहे की मुलगा झाला तर पणजोबांचं गंगाधर आणि मुलगी झाली तर पणजीचं यमुना. मैत्रिणी म्हणतात, तिकडे कुणाला म्हणता येणार नाही, शाळेत पोराचे हाल होतील, आरव-मायरासारखं काहीतरी ठेव आणि गंगाधर पाळण्यापुरतं राहू दे.

माझं मत स्पष्ट आहे. नाव द्या, आणि द्यायचं तर दाखल्यावर, पासपोर्टवर, पहिलं नाव म्हणून द्या. मी बडोद्याच्या दांडियाबाजारातली, आता इथे ड्युसेलडॉर्फजवळ राहते. माझ्या मुलीचं नाव द्वारका आहे. तिचा जन्मही बडोद्यातलाच, त्यामुळे तुमच्यापुढची वाट मी चाललेली आहे.

आधी उच्चाराची भीती. ती इंग्रजी डोक्यात ठेवून आलेली आहे आणि जर्मन भाषेचं गणित वेगळं आहे. इथे जे (J) हे अक्षर 'य'सारखं वाचतात, व्ही बऱ्याचदा 'फ'सारखा आणि डब्ल्यू 'व'सारखा. शब्दाच्या सुरुवातीला किंवा दोन स्वरांच्या मध्ये एस आणि पुढे स्वर आला की 'झ'कडे झुकतो. म्हणून जनार्दनचा पहिल्या वाचनात यनार्दन होईल, वसुधाची फझुधा होईल. पण तुमची दोन्ही नावं यातून सुटतात. गंगाधरमध्ये अडणारं अक्षर नाही; शेवटचा र ते जवळजवळ गिळतात आणि ध चा द करतात, एवढंच. यमुना वाय घालून लिहा, जशीच्या तशी म्हणतील. द्वारका आम्ही डब्ल्यूने लिहिली, ती पहिल्या दिवसापासून नीट ऐकू येते. रघुनाथसारख्या नावाचं इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी जे होतं तेही इथे होत नाही, कारण टी-एच ते साधा ट म्हणून वाचतात.

आणि जुन्या नावाची इथे कुणाला लाज वाटत नाही. एमिल, आंटोन, ओस्कार, फ्रीडा, इडा ही इथल्या आजोबा-आजींची नावं आहेत आणि आज बालवाडीत पुन्हा तीच ऐकू येतात. द्वारकाच्या वर्गशिक्षिकेने नावाबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं की हे तिच्या पणजीचं. तिचा चेहरा खुलला. तिच्या स्वतःच्या मुलाला तिच्या आजोबांचं नाव आहे. हाल वगैरे काही झाले नाहीत.

मात्र यमुनाबद्दल एक गोष्ट घरात विचारून घ्या. ते पणजीचं माहेरचं नाव की सासरचं? आपल्या बडोद्याचा इतिहासच बघा. कवळाण्याचा गोपाळराव 1875 साली दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्यांच्या पहिल्या राणीचं माहेरचं नाव लक्ष्मीबाई, दुसरीचं गजराबाई, आणि दोघी बडोद्यात येऊन चिमणाबाई झाल्या. रावपुऱ्यातला टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा, तिथून आपण रोज जायचो, पण लक्ष्मीबाई हे नाव किती जणांना माहीत असतं? आपल्या घरांतही तेच. माझी पणजी सगळ्यांना रमाबाई म्हणून माहीत. मी आत्याआजीला खोदून विचारलं तेव्हा कळलं की लग्नात बदलण्याआधी ती द्वारका होती, आणि म्हातारपणी तिच्या भावाखेरीज त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मी ते नाव उचललं. घरात थोडी कुरबुर झाली, 'रमा काय वाईट होतं' म्हणून. पण मला त्या मुलीचं नाव हवं होतं, सुनेचं नाही. तुमच्या पणजीचं माहेरचं नावही यमुनाच असेल तर उत्तमच. नसेल तर दोन्ही नावं मोठ्याने म्हणून बघा आणि मग ठरवा.

आता कागद. इथे घाई करू नका, सगळा त्रास इथेच होतो. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव लगेच घालावंच लागतं असं नाही. नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव फी न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्यामुळे दवाखान्यात फॉर्म पुढे आला म्हणून घाईत काहीतरी लिहून देऊ नका. बाराव्या दिवशी बारसं करा, आत्याला तिचा मान घेऊ द्या, शेजारच्या बेन 'ओळी झोळी पिपळ पान' हे गुजराती बारशाचं गाणं म्हणणारच आहेत, तेही होऊ दे, आणि मग नाव घाला. पण निघायचं आहे म्हणून त्यानंतर फार लांबवू नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून जायचं, आता सगळं या एका कागदावर उभं आहे.

त्या दाखल्यावर गुजरातीबरोबर इंग्रजी अक्षरं नीट तपासा. आपल्याकडे बापाच्या नावाला कुठे भाई चिकटतं, कुठे राव, कुठे कुमार. शाळेत आडनाव आधी, बँकेत शेवटी. बडोद्यात याचं कुणाला काही वाटत नाही, इथे मात्र यजमानांच्या पासपोर्टवर एक आणि बाळाच्या दाखल्यावर वडील म्हणून दुसरंच नाव दिसलं की ही दोन माणसं आहेत का, असं विचारतात. पासपोर्टवर जे आहे, अक्षरन् अक्षर तेच घाला, तुमचं आणि यजमानांचं दोघांचंही.

मधल्या नावाचा विचार आत्ताच करा. जर्मन फॉर्मवर वडिलांच्या नावासाठी वेगळा रकाना नसतो. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये जे असेल ते सगळं पहिलं नाव धरतात. तिथे यमुना आणि पुढे वडिलांचं नाव असेल तर डॉक्टरकडे, विम्याच्या कार्डावर, शाळेच्या यादीत मुलगी दोन्ही नावांनी येते. आम्ही नुसतं द्वारका आणि आडनाव ठेवलं. वडिलांचं नाव दाखल्यावर वडिलांच्या जागी आहेच, मला त्यात काही हरवल्यासारखं वाटत नाही. तुमच्या घरी हे पटणार नसेल तर ठेवा, लांबीची चिंता करू नका. पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी 39 जागा असतात आणि पुरुषोत्तम गंगाधर देशपांडे एवढं नावसुद्धा 32 जागांत बसतं.

गंगाधर हे दुसरं नाव म्हणून मागे ठेवायचं आणि पुढे काहीतरी चटपटीत घालायचं, ही तुमच्या मैत्रिणींची तडजोड मला मान्य नाही. मागे ठेवलेल्या नावाने कुणी हाक मारत नाही. आपल्या आज्यांना सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसे, म्हणून पणजोबांचं नाव मिळालेल्या नातवाला त्या नाना नाहीतर बाळ म्हणायच्या. तिथे टोपणनाव असण्याला कारण होतं, आणि बाहेर तो गंगाधरच असायचा. घरी तुम्ही त्याला काहीही म्हणा. कागदावर आणि शाळेत त्याचं खरं नाव असू द्या.

इथे आल्यावर दाखल्याचं भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून लागेल. गुजराती लिपीतून रोमन करताना ही मंडळी आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची, पद्धत वापरतात, आणि त्यात आमच्या द्वारकाचं व्ही घातलेलं, डोक्यावर रेघा असलेलं वेगळंच स्पेलिंग होणार होतं. आम्ही पासपोर्टची प्रत आधीच हातात दिली होती म्हणून डब्ल्यू राहिला. तुम्हीही तसंच करा, आणि भाषांतराचा कच्चा मसुदा मागून बघा.

बेत बदलून बाळंतपण इथेच झालं, तर नियम वेगळे. जन्म एका आठवड्यात श्टान्डेसाम्टला, म्हणजे इथल्या जन्म-विवाह नोंदणी कचेरीत, कळवायचा. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर महिन्याच्या आत कळवता येतं, म्हणजे बारसं होऊन जातं. अनोळखी नावावर कारकून अडला तर लाइपझिग विद्यापीठाचं नाव-सल्ला केंद्र आणि वीसबाडेनची जर्मन भाषेची संस्था नावाबद्दल लेखी अभिप्राय देतात. नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे, हा जुना हट्टही आता चालत नाही. किरण नावाच्या मुलीच्या प्रकरणात 2008 साली इथल्या घटना न्यायालयाने तो मोडून काढला. आणि तुम्ही नवीन आलेले असल्यामुळे बाळाला जर्मन नागरिकत्व मिळणार नाही. त्यासाठी आई-बापांपैकी एकाचं इथे 5 वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. तेव्हा फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत जन्माची नोंद करून भारतीय पासपोर्ट काढायचा.

पण मी तुमच्या जागी असते तर बडोद्यातच थांबले असते. दाखला, पासपोर्ट, मग बाळाचा व्हिसा, या क्रमाने जा. आणि बाळाचं तिकीट पासपोर्ट हातात आल्यावर, त्यातलंच स्पेलिंग समोर ठेवून काढा.