ठासणीच्या बंदुकीची नळी आरशासारखी स्वच्छ ठेवावी, की एक बार काढून मळवून ठेवावी?

तुम्ही विचारलंय की परदेशी शिकारी व्हिडिओत निघण्याआधी मुद्दाम एक बार काढून नळी मळवून ठेवतात, घरी वडील म्हणतात नळी आरशासारखी पाहिजे, आणि तुमच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीचे पहिले दोन बार नीट लागतात, तिसऱ्यापासून गोळी कुठेही जाते. मग खरं कोण?

नेमाला दर बारी सारखी नळी लागते. पहिला बार तेलकट नळीतून गेला, दुसरा कोरड्या आणि तिसरा काजळीने आवळलेल्या नळीतून, तर तुम्ही तीन वेगळ्या बंदुका चालवल्या. त्या तिघींनी एकाच जागी मारावं ही अपेक्षाच चूक आहे.

काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. काही धुराबरोबर बाहेर जातो, बाकीचा नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. म्हणून श्रावण-भादव्यात हा थर ओलसर, चिखलासारखा राहतो. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत हवा कोरडी पडली की तोच थर खापरासारखा कडक होतो. तुमचा तिसरा बार बिघडतो तो बहुतेक याच दिवसांत.

थर कडक झाला की गोळी खाली ढकलायला जोर जास्त लागतो. मग दारू दर वेळी वेगळी दाबली जाते, मऊ शिशाची गोळी गजाखाली (ठासायच्या दांड्याखाली) चेपते आणि तिच्याभोवतीची चिंधी घासून फाटते. फाटक्या चिंधीच्या बाजूने वायू निसटतो, गोळी नळीत डुगडुगत बाहेर पडते. हे तपासणं सोपं आहे. बार झाल्यावर नळीच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर पडलेली चिंधी शोधा. ती अख्खी असेल, मधोमध फक्त करपलेली असेल, तर भरणी बरोबर. चिंध्या झालेल्या दिसल्या तर नेम धरणाऱ्याचा दोष शोधत बसू नका, नळी बघा.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या एका बंदुकीचं सांगतो. परवान्यावर एसबीएमएल, म्हणजे एकनळी ठासणीची, लिहिलेली, बारा बोअरची, गुळगुळीत नळीची. तक्रार अगदी तुमचीच. धुऱ्यावर टांगलेल्या पोत्याला पहिले दोन बार, पुढे पोतं कोरं. भोवती जमलेल्या जाणत्यांचं निदान ठरलेलं होतं, "दारू कमी पडून राह्यली भाऊ, वाढवा नं." हा सल्ला मला आमच्या भागात इतक्या वेळा ऐकू आलाय की आता तो ऐकला की डोकं तडकतं. मालकाने ऐकलं आणि तिसऱ्या बाराला मापाच्या दीडपट दारू घातली. वर चिंधी-गोळी, मग गज. गज दोनदा आपटला, दोन्ही वेळा टणकन वर उडाला. "गज उडला म्हंजे पोचली."

पोचली नव्हती. सकाळी नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडाशी एक खूण केली होती आणि पहिल्या बाराची नेहमीची भरणी झाल्यावर दुसरी. तिसऱ्या भरणीला दुसरी खूण नळीच्या तोंडापासून चांगली चार बोटं वर उभी होती. दीडपट दारूने फार तर एखादं बोट वाढलं असतं. उरलेली तीन बोटं म्हणजे गोळी आणि दारू यांच्यामधली पोकळी. काजळी सगळीकडे सारखी बसत नाही. दारू असते त्याच्या जरा वर तिचं एक कडं तयार होतं आणि गोळी त्या कड्यावर टेकून राहते. गज गोळीवरून उडतो. गोळी दारूवर बसलीय की कड्यावर, हे त्या टणत्काराला कळत नाही. अशा वेळी घोडा पाडला तर अडकलेली गोळी नळीतल्या बुचासारखं काम करते आणि नळी तिथे फुगते किंवा फाटते. इथे त्यावर दीडपट दारू.

तो बार काढला नाही. आधी लांब गजाने सावकाश, सरळ दाब देऊन पाहिला, गोळी हलली नाही. मग निपल (ठिणगी देणारी टोपी ज्यावर बसते ते बुडाचं पोकळ बोंड) काढून त्या भोकातून थेंब-थेंब पाणी सोडून दारू पूर्ण भिजवली आणि गजाच्या मळसूत्री टोकाने गोळी उपसली. नळी धुतली, वाळवली, निपल साफ केलं. पुन्हा नेहमीचंच माप. फरक एवढाच की पुढच्या दर बारानंतर नळीतून एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरली. गज दर वेळी खुणेवर आला आणि पुढचे चारही बार पोत्यात गेले. दारूचा एक कणही वाढवला नव्हता.

तरी तिथल्या एकाने विचारलंच, "पुसत बसाल त डुक्कर थांबते का?" डुक्कर पहिल्या बारानंतरच थांबत नाही. रात्री जागलीत घाईने भरलेला दुसरा बार कोणाच्या उपयोगी पडल्याचं मी पाहिलेलं नाही. पुसायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नळीत धुमसती ठिणगी राहिली असेल तर ती ओल्या चिंधीने विझते. नव्याने ओतलेली दारू हातावर भडकण्यापेक्षा ते अर्धं मिनिट स्वस्त आहे. याच कारणासाठी दारू डब्यातून थेट नळीत कधीही ओतायची नाही. मापात घ्यायची, माप नळीत रिकामं करायचं.

पुसण्यातही लोक चुकतात. चिंधी मांजरपाटाची किंवा जुन्या सुती धोतराची, बारा बोअरला अडीच-तीन इंच चौरस. टेरिकॉट नको, ते उष्णतेने वितळून चिकटतं. चिंधी ओलसर हवी, टपकती नको. तोंडातल्या थुंकीने भिजवली तरी चालते, फक्त शिशाच्या गोळ्या हाताळलेल्या हातांनी ती तोंडात घालू नका. एकदा सरळ बुडापर्यंत न्या, क्षणभर थांबा म्हणजे थर मऊ होईल, आणि बाहेर काढा. उलटी करून पुन्हा एकदा. मग कोरडी. घासघास करायची नाही, आपल्याला दर वेळी तितकीच पुसलेली नळी हवी आहे. चिंधी फार ओली झाली तर काळं पाणी खाली उतरून निपलच्या वाटेत बसतं, आणि मग टोपी फुटते, बार होत नाही. तसं झालं तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. कधी कधी आग उशिरा पोचते.

छऱ्यांना हे सगळं थोडं कमी लागू होतं. दारू आणि छरे यांच्यामधलं घट्ट बूच खाली जाताना बरीच काजळी खरवडून नेतं. पण खूण तिथेही पाहायचीच.

पहिल्या बाराचं गणित वेगळं आहे. पेटीतून काढलेल्या नळीत तेल असतं. ते दारूत मुरतं, वर गोळी तेलावरून घसरत निघते, म्हणून पहिला बार बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जागी जातो. भरण्याआधी दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवा. मग नळीत काही नाही हे गजाच्या खुणेने पाहून, नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानाजवळ धरून नुसत्या दोन टोप्या फोडा. पान हललं म्हणजे वाट मोकळी. नाही हललं तर निपलमधून पितळी तार फिरवा. बंदूक ठेवताना तोंड खाली करून ठेवली तर तेल बुडाशी साचत नाही, हेही याच कामाचं.

व्हिडिओतली मंडळी याच पहिल्या बाराच्या भीतीने नळी मळवतात. त्यांच्या नळ्या आतून आटे (पीळदार खाचा) पाडलेल्या, गोळी प्लास्टिकच्या वेष्टणातली, पल्ला शंभर यार्डांचा, आणि पुष्कळदा काळ्या दारूऐवजी दुसरी पर्यायी दारू. मळलेल्या नळीवर नेम बसवला म्हणून शिकारीलाही नळी तशीच हवी, हे त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. आपली नळी गुळगुळीत आणि अंतर तीस-चाळीस पावलं. त्यांचं पाहून ऑगस्टमध्ये नळी मळवून रात्रभर खोपडीत टांगाल तर सकाळी आत तांबूस गंज दिसेल. गंजाचे खड्डे एकदा पडले की त्यांत काजळी अडकत राहते, मग कितीही पुसा, नळी दर बारी सारखी होत नाही. इथे तुमचे वडील शंभर टक्के बरोबर आहेत.

फक्त ते नळी कशाने चकचकीत करतात ते विचारा. रॉकेल, डिझेल, गाडीचं जुनं ऑइल यांनी क्षार विरघळत नाहीत. क्षार पाण्यातच विरघळतात. त्यावर खनिज तेल पडलं की डांबरासारखा लगदा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. आधी खुणेने बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. निपल काढून वाटीत साबणाच्या पाण्यात टाका. नळी दस्त्यावरून निघत असेल तर काढा, बुडाचं टोक बादलीत ठेवा आणि घट्ट चिंधी लावलेला गज पिचकारीसारखा वर-खाली चालवा. पाणी कोमट, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. उकळतं पाणी नको, त्याने नळी तापून वाळताना पटकन गंज धरते. पाणी बदलत राहा, नितळ येईपर्यंत.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे) असाल तर विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने शेवटचं धुणं करू नका. काजळीचे क्षार काढून विहिरीचं मीठ आत सोडायचं, याला काही अर्थ नाही. साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. मग चार-पाच कोरड्या चिंध्या, थोडा वेळ ऊन, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात.

घरात जवसाचं तेल असतं म्हणून तेच नळीला लावणारे पुष्कळ आहेत. जवस हवेत वाळतं आणि चिकट साय धरतं. ते दस्त्याच्या लाकडाला उत्तम, नळीला अजिबात नको. गोळीच्या चिंधीला मधमाशांचं मेण आणि तीळतेल एकत्र वितळवून लावा. खोबरेल पौषाच्या थंडीत थिजतं आणि चिंधी ताठ होते. दुसऱ्या दिवशी एक कोरडी पांढरी चिंधी आत फिरवा. तपकिरी निघाली तर काम अर्धवट झालंय, पुन्हा तेल. काळी निघाली तर पुन्हा पाणी.

वर मी दारू म्हटली ती फक्त काळी दारू. फटाक्यातली किंवा काड्यांच्या गुलाची भुकटी भरणारे अजून भेटतात. ती वेगळ्या वेगाने जळते, तिचं माप कोणालाच माहीत नसतं, आणि नळी फाटते.

हे आधीच लिहायला हवं होतं: १९५९च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण तो परवाना बंदुकीचा आहे, जनावराचा नाही. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), उभ्या पिकाचं नुकसान होत असलं तरी १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आधी वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती हातात नसेल तर तुमचे बार पोत्यावरच जाऊ द्या.

आणि तुमच्या तिसऱ्या बाराबद्दल नक्की सांगायला मला एकच गोष्ट हवी आहे. आज नळी रिकामी असताना गजावर एक खूण करा, पुढच्या वेळी पहिल्या भरणीला दुसरी. मग न पुसता तिसरा बार भरा, गोळी ठासा, पण टोपी चढवू नका. खूण किती वर राहिली ते बोटांत मोजून इथे लिहा, आणि ती वर राहिली असेल तर बार न काढता वर सांगितल्यासारखी दारू भिजवून गोळी उपसा.