स्वभाव नाही गो, खाज आहे ती

*"देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ३४. सात वर्षं सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, डोक्यात पापुद्र्यांचे चट्टे उठतात. पूर्वी गौरीच्या रात्री फुगड्यांना मीच पुढे असायची. गेल्या गणपतीत मोदक वळायला बसले, तर जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'तू रवांदे गो, आमी करतंव.' तेव्हापासून आरतीलाही पडवीतच थांबते. सासूबाई म्हणतात, माझा स्वभावच कुढा, म्हणून अंगावर उठतं. खाजेने रात्र रात्र झोप नाही, मुलांवर खेकसते. कधी कधी जगणंच नकोसं वाटतं. काकू, मी खरंच अशी आहे का?"*

आधी शेवटून दुसरं वाक्य घेते. ते तू ओझरतं लिहिलंस, मला ते ओझरतं घेता येत नाही. १४४१६ वर आजच फोन कर. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत, मध्यरात्रीही कुणीतरी उचलतं, मराठीत बोलता येतं. आणि घरात निदान नवऱ्याला तरी हे सांग.

आता स्वभाव. फुगड्यांना पुढे असणारी बाई जन्मजात माणूसघाणी कशी असेल? सात वर्षं झोपमोड झालेला माणूस चिडका दिसतोच. सोरायसिसवाल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, हे अभ्यासांतून दिसलंय. मनातलं न बोलणारी माणसंही त्यांत बरीच भेटतात म्हणे. पण ही माणसं तपासली जातात ती बहुतेक आजार जडल्यावर. गप्प राहणं आधीचं की लोकांच्या नजरांनी शिकवलेलं, ते कसं ठरवायचं? तुझ्या बाबतीत मला तरी शंका नाही.

सासूबाईंचं पाव भाग खरं आहे. ताणाने चट्टे भडकतात, भडकले की ताण वाढतो. पण नुसतं कुढून हा आजार जडत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरते आणि एरवी महिनाभराने वर येणारी कातडीची पेशी चार-पाच दिवसांत वर ढकलली जाते. त्याचेच ते पापुद्रे. थोडं घराण्यातूनही येतं. माशांवर दूध प्यायल्याचा दोष तर मुळीच नाही (हे कुणी ना कुणी तुला ऐकवलंच असेल). आणि स्पर्शाने तो पसरत नाही. तुझ्या हातचे मोदक कुणीही खावेत.

पुढच्या वेळी त्वचेच्या डॉक्टरांकडे सासूबाईंना सोबत ने. 'हे लागत नाही' हे तू दहादा सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं घरात चालतं, असा माझा अनुभव. झोपेचं आणि मनाचंही तिथेच बोल. डॉक्टर फक्त चट्टे बघून चिठ्ठी लिहीत असतील तर तूच विषय काढ. सांधे सकाळी आखडत असतील तर तेही सांग. मेडिकलवाल्याने दिलेली मलमं किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू-बंद करू नकोस, आजार उसळतो. पापुद्रे खरवडू नकोस. जिथे खरचटतं तिथे नवा चट्टा उठू शकतो. नारळ खवताना बोटं सांभाळ.

जाऊबाईंना चारचौघांत उत्तर देऊ नकोस. चतुर्थीच्या दोन दिवस आधी विहिरीवर, दोघीच असताना सांग: "हे लागत नाही. मागच्या वर्षी मला फार लागलं." त्या घाबरल्या होत्या की तुला कमी लेखत होत्या, ते तेव्हाच कळेल. मला वाटतं, घाबरल्या होत्या.

आणि भाद्रपदाच्या उकाड्यात चट्टे झाकायला लांब बाह्यांचं सिंथेटिक घालू नकोस गो, घामाने खाज दुप्पट होते. सुती, सैल घाल. बाही तुला हवी तेवढी.