बीअरचा कारखाना पाहून आलेली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकण्यासाठी म्युनिकला गेली आहे. वर्गाबरोबर बीअरचा कारखाना पाहून आल्यावर तिने फोनवर सांगितले की, तिथे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच टेबलावर बसून बीअर घेतात. आमचा जिल्हा दारूबंदीचा. माझ्या सख्ख्या भावाचा संसार हातभट्टीच्या दारूने मोडला. मी तिला काय सांगावे?
— एक वाचक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, ज्याने घरात दारूचा नाश पाहिला त्याची धास्ती अनाठायी नसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून जर्मनीला शिकायला गेले, तेव्हा मीही घाबरतच म्युनिकजवळच्या फ्रायझिंगमधला, १०४० सालापासूनची परंपरा सांगणारा वायेनश्टेफानचा कारखाना पाहायला गेले होते. तिथे मला आधी दिसले ते धान्य. जव भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवून भरडतात, गरम पाण्यात मुरवून दाण्यातल्या पिष्टाची साखर होऊ देतात, मग तो गोड रस हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळून, थंड करून त्यात यीस्ट घालतात. उरलेला चोथा गुरांना जातो, आपल्याकडे सरकीची ढेप जाते तसा. बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे, हा बव्हेरियातला नियम १५१६ सालचा आहे. आपल्या हातभट्टीत काय काय पडते, हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तिथे सोळाव्या वर्षी बीअर घेता येते, परंतु एकवीस वर्षांखालील चालकाला गाडी चालवताना थेंबभरही चालत नाही. पेले टेकवताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहून ‘प्रोस्ट’ म्हणतात. माझ्या पेल्यात सफरचंदाचा रस आणि सोडा असे, आणि त्याबद्दल मला कोणी कधी विचारले नाही. तरीही तिकडची दारू निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही, कारण रेल्वेस्थानकाबाहेर भल्या सकाळी बाटली धरून बसलेली माणसे मी तिथेही पाहिली, आणि त्यांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असेलच. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून मतदानात आडवी बाटली निवडण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या बाया मला तेव्हा फार आठवल्या.

मुलीला शपथ घालू नका. शपथ घातली की पुढच्या वेळी ती फोनवर सांगायची थांबेल. काकाचे काय झाले, हे मुलांना बहुधा अर्धेच ठाऊक असते. ते सगळे, वावर कसे गेले आणि काकूने कोणते दिवस काढले त्यासह, तुम्ही स्वतः तिला सांगा.