ब्रेक दाबताच चाकातून येणारा खरवडल्यासारखा आवाज

प्रश्न : आमचा २००९ सालचा सहाचाकी हलका ट्रक असून सियागंजातला किराणा माल आम्ही धामनोदपर्यंत पोहोचवतो. चारही बाजूंना ड्रम ब्रेक आहेत. दोन महिन्यांपूर्वी मागचे लायनर बदलले, पण तेव्हापासून ब्रेक दाबला की खरवडल्यासारखा आवाज येतो आणि गाडी थांबत आली की तो वाढतो. नवे लायनर बसायला वेळ लागतो, असे मिस्त्री म्हणतात. बेअरिंग गेले असेल का? भरलेली गाडी मानपूरचा घाट उतरताना धाकधूक वाटते.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नवे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचे घासणारे अस्तर, ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या, गोलाईशी जुळायला थोडा वेळ लागतो हे खरे, पण रोज चालणाऱ्या गाडीत त्याला दोन महिने लागत नाहीत, त्यामुळे मिस्त्रींचे हे समाधान आता पुरे पडत नाही. बेअरिंगचा संशय मात्र मला कमी वाटतो. बेअरिंगची घरघर ब्रेक दाबण्याची वाट पाहत नाही. ती वेगाबरोबर चढते आणि वळणावर भार एका बाजूला गेला की बदलते. तरीही चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून पाहावे. पुढच्या चाकात खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे : खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, राहिला तर किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीत.

आवाज लायनर बदलल्यावर सुरू झाला, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जुना लायनर वर्षानुवर्षे ज्या पट्ट्यात घासला, तेवढाच ड्रम आतून झिजतो आणि कडेला न झिजलेल्या लोखंडाचा काठ उभा राहतो. नवा लायनर त्या पट्ट्यात नेमका न बसता काठावर चढला, की कडाच घासतात, मधला भाग अधांतरी राहतो, आवाज येतो आणि पकडही अपुरी मिळते. ड्रम उतरवून आतून बोट फिरवल्यास हा काठ सहज लागतो. जुन्या लायनरचे रिव्हेट उघडे पडेपर्यंत गाडी चालली असेल, तर ड्रमवर गोल चरेही दिसतील. असा ड्रम तसाच ठेवून नुसते लायनर बदलणे म्हणजे खर्च अर्धवट करणे होय, आणि घाईच्या कामात हे फार वेळा होते. उपाय लेथवर ड्रम कातून घेण्याचा आहे. मात्र ड्रमसाठी ठरवलेल्या कमाल व्यासापलीकडे कातू नये, कारण पातळ ड्रम घाटात तापून तडकतो. तो व्यास बहुधा ड्रमवरच उमटवलेला असतो. एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे ठेवावेत.

ड्रम उघडलाच आहे तर शू (लायनर बसवलेली कमान) मागे ओढणारी स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली आहे का, शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर अडकतो का आणि मागची पत्र्याची ताटली वाकून ड्रमला घासते का, हे पाहावे. तेल अडवणाऱ्या सीलमधून गळलेले तेल लायनरवर असेल, तर ते लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत. सील आणि लायनर दोन्ही बदलावेत. जुन्या लायनरच्या धुळीत फुप्फुसांना घातक असा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

आवाज नेमका कोणत्या चाकाचा, हे केबिनमध्ये बसून ठरवू नये. चेसिसमधून तो भलतीकडेच ऐकू येतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल, तर मोकळ्या मैदानात रिकामी गाडी अगदी सावकाश चालवत तो हळूच ओढून पाहावा. तोच आवाज आला तर दोष मागेच आहे. पायाच्या ब्रेकनेच येत असेल, तर पुढचे ड्रमही उघडावे लागतील. पावसाळी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांना येणारी करकर ही ड्रमवरच्या गंजाची असते, तिची काळजी नको.

ड्रम उघडून होईपर्यंत मानपूरचा घाट भरलेल्या गाडीने उतरू नका. तोवर माल दुसऱ्या गाडीने पाठवावा.