जमा, जमाव आणि मुजुमदार

प्रश्न : पासबुकात 'जमा' असतं, सणावाराला पोलिसांची 'जमावबंदी' लागते आणि आमचे शेजारी मुजुमदार म्हणतात, त्यांचं आडनावही याच घरातलं. खरं का? मग जमीन, जामीन, जामानिमा हेही त्यातलेच का? — एक वाचक, परभणी

उत्तर : मुजुमदार बरोबर सांगतात. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. इथली तीन म्हणजे जीम, मीम आणि ऐन. अर्थ गोळा करणं. ऐन हा घशाच्या तळातून काढायचा आवाज. मराठी घशाला तो काही मानवला नाही, म्हणून आपल्याकडे नुसता 'जमा' उरला.

मूळ तसंच ठेवून स्वर फिरवले, मागेपुढे एखादं अक्षर लावलं, की नवा शब्द तयार. लोकांना एकत्र आणणारी ती जामा मशीद. ते ज्या वारी जमतात तो जुम्मा, म्हणजे शुक्रवार. मराठवाड्यात राहता म्हणजे 'जुम्मेरात' ऐकलीच असेल, ती त्याच्या आदल्या दिवसाची. विद्वान एकत्र आले की जामिया, म्हणजे विद्यापीठ. अरबी व्याकरणात 'जमअ' म्हणजे अनेकवचन आणि गणितात बेरीज. 'जमात'ची गंमत तर वेगळीच. उर्दू शाळेतलं पोर 'पाचवी जमात' म्हणतं तेव्हा ते इयत्ता सांगत असतं. आपण मात्र जाती-जमातीत तिला आदिवासी समाजाच्या अर्थी बसवली.

'गोळा केलेलं' ते मजमू. जमाखर्चाचा ताळा ठेवणारा मजमूदार, त्याचा झाला मुजुमदार. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, दरबारी पदांना संस्कृत नावं मिळाली तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला. आडनाव मात्र टिकलं. बंगालातले मजुमदारही हेच.

माझी सगळी नोकरी महसुलात गेली, त्यामुळे एका जोडीवर जास्त जीव आहे : जमाबंदी आणि जमावबंदी. पहिलीत 'बंदी' म्हणजे बांधणं, ठरवणं. कुठल्या जमिनीला किती सारा, ते बांधून देणं. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्त बसतात. दुसरीत 'बंदी' म्हणजे सरळ मनाई. एका गावी आमच्या नव्या कारकुनाने चावडीच्या फळ्यावर 'उद्या सकाळी जमावबंदी, सर्व खातेदारांनी हजर राहावे' असं लिहिलं. पाटील हसत आत आले, "भाऊसाहेब, चौघाचौघांनीच यायचं का?" पाच जण झाले की कायद्याच्या भाषेत जमाव होतो, हे पाटलांना कारकुनापेक्षा पक्कं ठाऊक!

आता तुमच्या उरलेल्या तिघांचं. जमीन फारसी आहे, अरबीशी तिचा संबंध नाही. जामीन अरबी खरा, पण त्याचं मूळ निराळं. त्यात ऐन नाही, शेवटी नून आहे, आणि आपण ज्याला 'ज' म्हणतो ते अक्षरही तिथे जीम नाही, ज्वाद आहे. पत्राचा 'मजमून' हा त्याचा भाऊबंद. जामानिम्यातला जामा म्हणजे अंगरखा, तोही फारसी. त्याचा सख्खा भाऊ हवा असेल तर पायजम्यात शोधा.